२० सीएनसी मशीनच्या शॉपमध्ये फॉग नोड: मशीन लर्निंग कुठे आणि कसं चालवायचं

प्रश्न असा आहे: वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या चाकणच्या एका शॉपमध्ये २० सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीन आणि व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आहेत. स्पिंडलवर (टूल किंवा जॉब फिरवणाऱ्या दांड्यावर) कंपन सेन्सर बसवले, सगळा डेटा क्लाउडवर जातो, बिघाड ओळखणारं मशीन लर्निंगचं मॉडेलही तिथेच चालतं. इशारे उशिरा येतात, इंटरनेट गेलं की काहीच येत नाही आणि जे येतात त्यांच्यावर ऑपरेटरचा विश्वास उरलेला नाही. फॉग कॉम्प्युटिंगने, म्हणजे गणना कारखान्यातच करण्याने, हे सुटेल का? सुटणार असेल तर नेमकं काय घ्यायचं?

पहिल्या दोन तक्रारी फॉगने सुटतात. तिसरी आपोआप सुटत नाही. इशारे खोटे ठरतात, कारण मॉडेलला कंपन दिसतं. पण त्या क्षणी कोणता प्रोग्रॅम चालू होता, कोणतं टूल कापत होतं, इन्सर्ट (टूलच्या टोकाचा बदलता येणारा कापणारा तुकडा) कितव्या जॉबवर होता, हे त्याला कळत नाही. ही माहिती कंट्रोलरमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकात असते. ती सिग्नलला जोडायची तर मशीनशेजारी, त्याच क्षणी जोडावी लागते. नंतर क्लाउडवर दोन वेगवेगळ्या घड्याळांचा डेटा जुळवत बसलं की हाती फारसं काही लागत नाही. म्हणून फॉग नोड (हे काम करणारा शॉपमधला संगणक) घेताना त्याच्या प्रोसेसरपेक्षा तो कंट्रोलरशी किती नीट बोलतो हे आधी बघा.

संज्ञेबद्दल थोडक्यात. सेन्सर आणि क्लाउड यांच्या मधला, कारखान्याच्या आवारातच काम करणारा गणनेचा थर म्हणजे फॉग. ही कल्पना २०१२ च्या सुमारास सिस्कोच्या संशोधकांनी मांडली, २०१५ मध्ये ओपनफॉग कन्सोर्शियम स्थापन झालं आणि त्याचा संदर्भ आराखडा २०१८ मध्ये आयईईई १९३४ हे मानक म्हणून स्वीकारला गेला. पुढे ती संस्था इंडस्ट्रियल इंटरनेट कन्सोर्शियममध्ये विलीन झाली. आज बरेच विक्रेते याच गोष्टीला एज म्हणून विकतात. नावावर वेळ घालवू नका. कोणता निर्णय कोणत्या थरावर घ्यायचा, ते आधी ठरवा.

या शॉपमध्ये निर्णय तीन प्रकारचे आहेत. टूल मोडलं तर काही शे मिलिसेकंदांत कळायला हवं. ३००० आरपीएमवर स्पिंडल सेकंदाला ५० फेरे घेतो, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे मोडक्या टूलचे १० फेरे. टूल झिजल्याचं पुढचा जॉब लावायच्या आत कळलं तरी चालतं. बेअरिंग खराब होण्याची प्रक्रिया तर आठवडे, कधी महिने चालते. तिथे क्लाउडच्या उशिराने काहीच बिघडत नाही, तिथली अडचण डेटाच्या आकाराची आहे. हे तिन्ही एकाच मॉडेलच्या गळ्यात घातले की गोंधळ होतो. टूल मोडणं आणि झीज हे फॉग नोडचं काम. बेअरिंगची गणना नोडवर करायची, पण कल पाहायचा तो कारखान्याच्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर. क्लाउडकडे तो कल आणि मॉडेल पुन्हा शिकवणं, एवढंच ठेवावं.

आकार किती, ते मोजून घ्या. तीन अक्षांचा सेन्सर, प्रत्येक अक्षाचे सेकंदाला २५,६०० नमुने, प्रत्येक नमुना ३ बाइट. म्हणजे एका मशीनचे सेकंदाला २,३०,४०० बाइट, दिवसाला सुमारे २० जीबी. २० मशीनचे दिवसाला ४०० जीबी आणि अखंड ३७ मेगाबिट अपलोड. आता हेच नोडवर दर सेकंदाला प्रत्येक अक्षाच्या १२ वैशिष्ट्यांत (सिग्नलचं सार सांगणाऱ्या आकड्यांत) उतरवलं तर ३६ आकडे, १४४ बाइट. २० मशीनचे मिळून दिवसाला २५० एमबीच्या आसपास. कच्चा डेटा नोडवर फिरत्या साठ्यात ठेवा आणि इशाऱ्याच्या आधीचे-नंतरचे ३० सेकंद तेवढे कायमचे जपा. दहा मशीनचा कच्चा डेटा १ टीबी एसएसडीवर साधारण पाच दिवस मावतो. एसएसडी घेताना तिची लेखनक्षमता बघा: दिवसाला २०० जीबी म्हणजे वर्षाला ७३ टीबी लेखन. वीज अचानक गेली तरी डेटा वाचवणारी औद्योगिक श्रेणीची एसएसडीच घ्या. एसडी कार्डवर चालणारा छोटा बोर्ड या कामाला लावू नका. सतत लेखन आणि वीज जाणं, या दोन्हींनी कार्ड मरतं.

सेन्सरकडे मॉडेलपेक्षा जास्त लक्ष द्या. स्पिंडलसाठी १०० मिलिव्होल्ट प्रति जी संवेदनशीलतेचा आयईपीई सेन्सर (आतच छोटा अॅम्प्लिफायर असलेला कंपन सेन्सर), पुढच्या बेअरिंगच्या शक्य तितक्या जवळ, आटे पाडून स्टडने घट्ट बसवलेला. चुंबकावर बसवला तर साधारण २ किलोहर्ट्झच्या वर आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, आणि बेअरिंगच्या सुरुवातीच्या खुणा नेमक्या त्याच्या वरच असतात. पत्र्याच्या कव्हरवर बसवलेला सेन्सर कव्हरचंच कंपन मोजतो. अँटी-एलियासिंग फिल्टर नसलेलं स्वस्त कार्ड घेतलं तर वरच्या वारंवारितेचा गोंगाट खाली दुमडून येतो आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने तो वेगळा काढता येत नाही. केबल ड्राइव्हच्या पॉवर केबलपासून दूर न्या. डिजिटल रूपांतर मशीनजवळच करून पुढे इथरनेटने आणा.

आता संदर्भ, म्हणजे त्या क्षणी मशीन काय करत होतं ते. फानुक कंट्रोल असेल तर फोकास लायब्ररीने, पोर्ट ८१९३ वरून, प्रोग्रॅम क्रमांक, टूल क्रमांक, स्पिंडल लोड, फीड ओव्हरराइड (टूल सरकण्याचा वेग कमी-जास्त करणारा नॉब), अलार्म आणि टूल लाइफ काउंटर वाचता येतो. दर १०० ते २०० मिलिसेकंदांनी वाचन पुरतं. जुन्या कंट्रोलवर एकदम खूप गोष्टी मागितल्या की स्क्रीन मंदावतो आणि ऑपरेटर केबल काढून ठेवतो, म्हणून लागतं तेवढंच मागा. सीमेन्सच्या नव्या पीएलसीवर (मशीनचे स्विच, रिले वगैरे चालवणाऱ्या नियंत्रकावर) ओपीसी यूए हे डेटा देवाणघेवाणीचं मानक मिळतं, पोर्ट ४८४०. ज्या मशीनला इथरनेटच नाही तिथे एखादा मोकळा एम-कोड (प्रोग्रॅममधली सहायक आज्ञा) रिलेवर घ्या आणि टूल बदलताना त्याचा संपर्क नोडच्या डिजिटल इनपुटवर आणा. विद्युतप्रवाह मोजायचा तर ड्राइव्हच्या पुढच्या केबलवर साधा करंट ट्रान्सफॉर्मर चालत नाही. वारंवारिता बदलत असते, शून्याजवळही जाते. तिथे हॉल इफेक्ट सेन्सर लागतो.

फीड ओव्हरराइडचा उल्लेख वर सहज केला, पण खोट्या इशाऱ्यांच्या मुळाशी पुष्कळदा तोच असतो. ऑपरेटरने नॉब १०० वरून ८० वर आणला की लोड आणि कंपन दोन्ही बदलतात. मॉडेलला नॉब दिसत नसेल तर त्याच्या लेखी मशीन बिघडलं.

घड्याळ एकच ठेवा: नोडचं. कंट्रोलरने दिलेली वेळ नोंदवा, पण जुळणी नोडवर माहिती आली त्या वेळेनेच करा. नोडवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालवून तोच शॉपचा वेळ सर्व्हर करा. काही मिलिसेकंदांची अचूकता या कामाला पुरेशी आहे. आठवणीने तपासायची आणखी एक गोष्ट: नोडमधल्या घड्याळाची बॅटरी संपलेली असेल तर वीज गेल्यावर नोड भलत्याच तारखेला उठतो. मग टीएलएस (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र त्याला अजून लागू न झालेलं दिसतं आणि क्लाउडशी जोडणीच होत नाही. सगळे नेटवर्क तपासत बसतात, आणि दोष नाण्याएवढ्या बॅटरीत असतो.

नोड किती आणि कसे? २० मशीनसाठी दोन, प्रत्येकी दहा मशीन. एक बंद पडला तर निम्मी शॉप तरी दिसत राहते. पंखा नसलेला, डिन रेलवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) बसणारा, २४ व्होल्ट डीसीवर चालणारा, ६० अंश सेल्सिअसपर्यंत सहन करणारा औद्योगिक संगणक, १६ जीबी रॅम, दोन स्वतंत्र इथरनेट पोर्ट. उन्हाळ्यात बंद पॅनेलमध्ये तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच चढतं, त्यामुळे ४० अंशांची मर्यादा असलेला ऑफिसचा मिनी पीसी मे महिन्यात स्वतःचा वेग कमी करतो आणि इशारे मागे पडू लागतात. ग्राफिक्स प्रोसेसरची गरज नाही. दहा मशीन, तीन अक्ष, सेकंदाला ३० फूरिए रूपांतरं (सिग्नलमधल्या वारंवारिता वेगळ्या काढणं), हे काम साध्या प्रोसेसरच्या एका कोअरला जड जात नाही. कॅमेऱ्याने जॉबची पृष्ठभाग तपासणी करणार असाल तर गणित बदलतं: ५ मेगापिक्सेलची कृष्णधवल प्रतिमा ५ एमबीची, सेकंदाला १० म्हणजे ४०० मेगाबिट. ते ओझं या नोडवर टाकू नका. कॅमेऱ्याशेजारीच एनव्हिडियाच्या जेटसनसारखा वेगळा बोर्ड द्या.

सॉफ्टवेअर साधं ठेवा: लिनक्स, डॉकर, मॉस्किटो ब्रोकर (एमक्यूटीटी पद्धतीचे संदेश पोहोचवणारा प्रोग्रॅम), टाइमस्केल किंवा इन्फ्लक्स डेटाबेस, अनुमानासाठी (शिकवलेलं मॉडेल चालवायला) ओएनएनएक्स रनटाइम. दोन नोडसाठी कुबरनेटिस (अनेक संगणकांवरचे डॉकर कंटेनर सांभाळणारी प्रणाली) लावू नये, ते सांभाळायलाच माणूस लागतो. इंटरनेट गेल्यावरचा डेटा जपण्यासाठी एमक्यूटीटी ब्रोकरच्या रांगेवर विसंबू नका. मॉस्किटोमध्ये एका क्लायंटसाठी थांबवून ठेवायच्या संदेशांची मूळ मर्यादा १००० आहे. दहा मशीन, सेकंदाला एक संदेश, म्हणजे १०० सेकंदांत रांग भरते आणि पुढचे संदेश गुपचूप टाकून दिले जातात. आधी स्थानिक डेटाबेसमध्ये लिहा. पाठवणारा प्रोग्रॅम तिथून वाचेल आणि पोच मिळाल्यावर पुढे सरकेल. एमक्यूटीटीचा सेवा दर्जा १ (पोच मिळेपर्यंत पुन्हा पाठवणं) ठेवला तर एकच संदेश दोनदा पोहोचू शकतो. मशीन क्रमांक आणि वेळ मिळून एकमेव की केली की दुहेरी नोंदी पडत नाहीत.

बेअरिंगचं मॉडेल करण्याआधी भौतिकशास्त्र वापरा. हायड्रॉलिक पॉवरपॅकची चार पोलची मोटार ५० हर्ट्झवर साधारण १४४० आरपीएमने फिरते, म्हणजे २४ हर्ट्झ. तिच्यात ६२०५ बेअरिंग असेल, ९ गोळ्यांचं, तर बाहेरच्या कड्याच्या दोषाचा गुणांक ३.५८५, आतल्याचा ५.४१५. म्हणजे बाहेरचा दोष ८६ हर्ट्झला दिसेल, आतला १३० हर्ट्झला. मधेच १०० हर्ट्झला एक शिखर दिसतं. ते विजेचं आहे, पुरवठ्याच्या दुपटीचं, त्याला बेअरिंगचा दोष समजू नका. दोषाच्या खुणा थेट स्पेक्ट्रममध्ये दबलेल्या असतात, त्यामुळे २ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा गाळून त्याचा एन्व्हलप (चढउताराची बाह्यरेषा) काढायचा आणि मग त्या एन्व्हलपचा स्पेक्ट्रम बघायचा. सेकंदाच्या खिडकीत (सिग्नलच्या एका तुकड्यात) १ हर्ट्झचं विभेदन मिळतं. ८६ आणि त्याच्या पटीतली शिखरं ओळखायला बहुधा तेवढं पुरतं, हवं तर ४ सेकंद घ्या.

स्पिंडलच्या बाबतीत कापत असताना हे जमत नाही. चार धारांचा कटर ३००० आरपीएमवर २०० हर्ट्झ आणि त्याच्या पटी इतक्या जोरात देतो की बेअरिंगचा आवाज त्यात बुडतो. म्हणून दर शिफ्टच्या सुरुवातीला, वॉर्म-अपनंतर, ३० सेकंदांची रिकामी चाचणी ठेवा: टूल नाही, कूलंट बंद, ठरलेले दोन-तीन वेग, नेहमी तेच. यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्याला वेगळा क्रमांक द्या, म्हणजे नोड तो क्रमांक दिसताच आपोआप नोंद घेईल. वॉर्म-अप टाळू नका. भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी स्पिंडल थंड असतो, ग्रीस घट्ट असतं आणि आकडे वेगळेच येतात. तापमान नोंदलं नाही तर मॉडेल दर शुक्रवारी ओरडतं.

टूलची झीज हा शिकण्याचा खरा विषय. प्रोग्रॅम, टूल आणि ऑपरेशन या तिघांच्या जोडीला वेगळी आधाररेषा हवी. नवीन इन्सर्ट लावल्यावरचे पहिले पाच चांगले जॉब घ्या, त्यांच्या स्पिंडल लोडची सरासरी काढा आणि पुढच्या प्रत्येक जॉबचं त्याच्याशी गुणोत्तर मॉडेलला द्या. असं केलं की मशीन बदललं, कास्टिंगची बॅच थोडी कडक आली तरी मॉडेल टिकतं. लेबलसाठी काढलेल्या इन्सर्टची फ्लँक झीज (कापणाऱ्या कडेच्या बाजूची झीज) टूल मायक्रोस्कोपखाली मोजा. आयएसओ ३६८५ मध्ये टर्निंगसाठी एकसमान झिजेची ०.३ मिलिमीटर ही मर्यादा आहे. एका टूलसाठी ३० ते ५० इन्सर्ट मोजल्याशिवाय मॉडेलबद्दल बोलू नये. बरेच इन्सर्ट ठरलेल्या संख्येवर, झिजण्याआधीच बदलले जातात. त्यांना ‘निकामी’ असं लेबल लावलं तर मॉडेल झीज न शिकता ऑपरेटरची सवय शिकतं. त्यांची नोंद ‘इथपर्यंत चांगला होता’ अशीच ठेवा.

चाचणीची विभागणी इन्सर्टनुसार करा. एका इन्सर्टच्या खिडक्या शिकवायला आणि तपासायला अशा दोन्हीकडे वाटल्या तर अचूकता ९९ टक्के दिसते आणि शॉपमध्ये मॉडेल कोसळतं, कारण शेजारशेजारच्या दोन सेकंदांत फरकच नसतो. विक्रेत्याने मोठा आकडा दाखवला की पहिला प्रश्न हाच विचारा: विभागणी कशावर केली? पद्धत म्हणाल तर अशा तक्त्याच्या डेटावर ग्रेडियंट बूस्टिंग (छोटे निर्णयवृक्ष एकामागून एक जोडणारी पद्धत) पुरेसं ठरतं, आणि का बोललं ते मेंटेनन्सला समजावताही येतं. ऑपरेटरने इन्सर्टचा कोपरा फिरवला हे नोडला कळायलाच हवं. टूल लाइफ काउंटर शून्य करण्याची शिस्त नसेल तर हे सगळं व्यर्थ आहे.

आता विश्वासाचा प्रश्न. २० मशीन, सेकंदाला एक खिडकी, दिवसाला १७,२८,००० खिडक्या. हजारात एक खोटा इशारा म्हणजे दिवसाला १,७२८. इतके इशारे कोणीही वाचणार नाही. म्हणून झिजेचा निर्णय खिडकीवर न घेता जॉबवर घ्या: एका जॉबचा एकच गुण, आणि सलग पाच जॉबपैकी तीन मर्यादेबाहेर गेले तरच झिजेचा इशारा. इशाऱ्यात मशीन, टूल, किती जॉब झाले आणि काय करायचं हे मराठीत, एका ओळीत. खाली दोन बटणं: ‘टूल खराब होतं’ आणि ‘टूल ठीक होतं’. हे दाबणं ऑपरेटरच्या कामाचा भाग झालं की पुढच्या महिन्याची लेबलं आपोआप जमतात.

टूल मोडल्यावर मशीन थांबवायचं असेल तर नोडने पीएलसीला विनंती करायची, निर्णय पीएलसीचा. आपत्कालीन थांब्याच्या साखळीत मशीन लर्निंगला अजिबात जागा नाही, ती साखळी तारेनेच जोडलेली राहिली पाहिजे. नोडने दर ५०० मिलिसेकंदांनी एक बिट उलटसुलट करत राहावं. पीएलसीला दोन सेकंद बदल दिसला नाही तर त्याने नोडचं ऐकणं बंद करून पिवळा दिवा लावावा आणि मशीन नेहमीसारखं चालू द्यावं. फीड होल्ड (टूलचं सरकणं थांबवणारी आज्ञा) वापरताना लक्षात ठेवा, टॅपिंग (भोकात आटे पाडणं) चालू असताना तो लगेच लागत नाही, टॅप बाहेर आल्यावरच मशीन थांबतं. थ्रेडिंगचीही तीच गत. या ऑपरेशनमध्ये नोडची विनंती पीएलसीमध्येच अडवा आणि इशारा जॉब संपल्यावर द्या.

नेटवर्कमध्ये नोडचा एक पोर्ट मशीनकडे, दुसरा कारखान्याकडे, आणि दोन्हींमधलं फॉरवर्डिंग (एकीकडचा डेटा थेट दुसरीकडे सोडणं) बंद. जुन्या कंट्रोलच्या पोर्टवर पासवर्डच नसतो, त्यामुळे ऑफिसच्या नेटवर्कवरून कोणालाही तिथे पोहोचता येता कामा नये. क्लाउडकडे जोडणी नोडने बाहेर करायची, पोर्ट ८८८३, टीएलएससह; बाहेरून आत येणारी एकही वाट उघडी ठेवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. नोडचे लॉगही त्यात धरा.

नवं मॉडेल थेट कामाला लावू नका. आठवडाभर ते जुन्याच्या शेजारी मूकपणे चालू द्या, दोघांचे निकाल नोंदवा, मग एका मशीनवर आणि नंतर बाकीच्यांवर. जुनी आवृत्ती नोडवरच ठेवा, म्हणजे परत फिरायला इंटरनेट लागत नाही. वैशिष्ट्यं काढणारा कोड शिकवताना आणि चालवताना एकच असला पाहिजे. हॅन विंडोमुळे (फूरिए रूपांतराआधी सिग्नलच्या कडा मावळवणाऱ्या गणिती वजनामुळे) मोठेपणा निम्मा होतो. एकीकडे त्याची दुरुस्ती केली आणि दुसरीकडे राहिली तर सगळे आकडे दुपटीने चुकतात, आणि मॉडेल तरीही आत्मविश्वासाने उत्तर देत राहतं. २०० जुन्या नोंदींचा एक ठरावीक संच ठेवा, प्रत्येक आवृत्ती त्यावर चालवा; ८-बिटमध्ये (कमी अचूकतेच्या आकड्यांत) उतरवलेल्या मॉडेलचीही तीच परीक्षा घ्या.

सुरुवात एका मशीनवर, एका टूलवर करा, आणि जिथे रिजेक्शन किंवा टूलचा खर्च सगळ्यात जास्त आहे तेच निवडा. पहिला महिना मॉडेलच नको; सेन्सर, संदर्भ आणि घड्याळ यांची जुळणी रोज तपासा. कोणताही एक जॉब निवडून त्याचा लोडचा आलेख आणि प्रोग्रॅममधले टूल बदल एकाखाली एक लावा. कडा जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

मेंटेनन्सच्या रोजच्या तक्त्यात नोडच्या पाच ओळी घाला: प्रोसेसरचं तापमान, डिस्कवर उरलेली जागा, न पाठवलेल्या नोंदींची संख्या, घड्याळातला फरक आणि प्रत्येक सेन्सरचा बायस व्होल्टेज (त्याच्या तारेवरचा स्थिर व्होल्टेज). आयईपीई सेन्सरचा बायस बहुतेक ८ ते १२ व्होल्ट असतो. तो पुरवठ्याच्या व्होल्टेजजवळ गेला तर केबल तुटली आहे, शून्याजवळ आला तर शॉर्ट झाला आहे, आणि हळूहळू सरकत असेल तर कनेक्टरमध्ये कूलंट शिरलं आहे. कनेक्टर उघडून, वाळवून, सीलबंद करून पुन्हा लावा आणि त्या दिवसाचा डेटा शिकवण्याच्या संचातून वगळा.